आबा, मालकाचा मुलगा सालदार कधी झाला?

तीर्थस्वरूप आबांना,


याआधीचं पत्र मी तुम्हाला रजिस्टर पोस्टाने पाठवलं होतं. 'घेण्यास नकार' असा शेरा मारून ते परत आलं. म्हणून आता उघड्यावर लिहिते. हे वाचायचं की नाही ते एकट्या तुमच्या हातात राहिलेलं नाही. शहाद्याच्या बाजारात किंवा सोसायटीच्या ओट्यावर कोणी ना कोणी तुम्हाला वाचून दाखवेलच. तुमचं, तुमच्या मुलाचं, गावाचं नाव मी लिहीत नाही. ओळखणारे ओळखतील. आणि न ओळखणाऱ्यांच्याही घरात एखादे आबा असतीलच.

भांडण नवऱ्याशी, मग पत्र सासऱ्याला का, असं तुम्ही विचाराल. त्याच्याशी जे भांडायचं ते वकिलामार्फत चाललंय. त्याचा मला राग येतो, पण वाईट वाटायचं केव्हाच थांबलं. वाईट वाटलं ते तुमची सही बघून.

तुमच्या मुलाने कोर्टात प्रतिज्ञापत्र दिलं, की माझ्या नावावर शेतजमीन नाही, मी वडिलांच्या शेतात मजुरीने राबतो, माझं वार्षिक उत्पन्न 72,000 रुपये. सोबत उत्पन्नाचा दाखला. इथपर्यंत मी तयार होते. वकिलीणबाईंनी आधीच सांगितलं होतं की बागायतदाराच्या घरातून हेच येणार. पण त्याच्या मागे तुमचं प्रतिज्ञापत्र जोडलेलं होतं. सदर जमीन माझी स्वकष्टार्जित असून तिच्या उत्पन्नाशी माझ्या मुलाचा काहीएक संबंध नाही, असं त्यात लिहिलं होतं. खाली तुमची ती वळणदार सही, जी मी पतपेढीच्या फॉर्मवर, लग्नपत्रिकेच्या मसुद्यावर, नातीच्या बारशाच्या आहेर-यादीवर पाहिलेली.

आबा, विहीर तुमच्या आजोबांनी खणली. दगड लागला तेव्हा त्यांनी बैलजोडी विकून सुरुंग लावले. हे मला तुम्हीच सांगितलंत, मी नवी नवरी होऊन आले त्या उन्हाळ्यात, आणि नंतर घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगताना मी ऐकलं. चार पिढ्यांची जमीन तुमच्या एका सहीने स्वकष्टाची झाली. आजोबांचा घाम कुठल्या रकान्यात गेला?

आणि मजुरीचं म्हणाल, तर आखाजीला सालदार ठरवायला तुम्ही ओसरीवर बसायचात तेव्हा चहा मीच आणून द्यायचे. रक्कम किती, धान्य किती, कपडे किती, उचल किती, सगळं माझ्या कानावर पडायचं. माझ्या डोळ्यांदेखत ठरलेल्या शेवटच्या सालदाराची रोख रक्कम तुमच्या मुलाच्या या 72,000 पेक्षा जास्त होती. ती रक्कम कमी आहे म्हणून सालदाराने डोकं खाजवलं होतं, आणि तुम्ही हसून आणखी वाढवून दिली होती. मग मला सांगा, मालकाच्या एकुलत्या एका मुलाला सालदारापेक्षा कमी मिळतं, हे तुम्हाला लिहवलं कसं?

तुम्ही म्हणाल, कोर्टकचेरीत असं लिहावंच लागतं, सगळेच लिहितात. तिथेच तर माझं दुखणं आहे. मुलाचा खर्च किती द्यायचा हे आपल्याकडे कसं ठरतं ते तुम्हाला ठाऊक आहे का? बहुतेक तुम्हाला वाटत असेल की कोर्टाकडे एखादा तक्ता आहे, उसाच्या दरासारखा. त्यात बोट ठेवलं की रक्कम निघते. मलाही अर्ज करताना तसंच वाटायचं. तसा तक्ता नाही. जो कायदा लोक अजून 'एकशे पंचवीस' म्हणतात, आणि जो 1 जुलै 2024 पासून नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 144 झालाय, त्यात एवढंच आहे, की पुरेसं साधन असलेल्या बापाने आपल्या अज्ञान मुलाला सांभाळायची हयगय केली, तर न्यायदंडाधिकारी स्वतःला योग्य वाटेल तो मासिक भत्ता ठरवतील. (1 जुलै हाच आपल्या नंदुरबार जिल्ह्याचाही वाढदिवस; 1998 मध्ये आपण धुळ्यातून वेगळे झालो. ज्यांना काडीमोड म्हणजे कुळाला बट्टा वाटतो त्यांनी हेही लक्षात ठेवावं.) पूर्वी या कलमात महिन्याला 500 रुपयांची कमाल मर्यादा होती, ती 2001 मध्ये काढली. तेव्हाच अंतरिम अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो 60 दिवसांत निकाली काढावा अशीही सोय झाली. मर्यादा गेली ते चांगलंच झालं. पण तिच्या जागी मोजमाप काही आलं नाही.

व्हरांड्यात मात्र तयार फॉर्म्युले भरपूर ऐकायला मिळतात. 'पगाराची चौथाई' हा सगळ्यात लाडका. त्याचं मूळ सर्वोच्च न्यायालयाच्या 2017 च्या एका निकालात आहे. कल्याण डे चौधरी यांच्या खटल्यात न्यायालयाने 1970 च्या एका जुन्या निकालाचा आधार घेऊन म्हटलं, की नवऱ्याच्या निव्वळ पगाराच्या 25 टक्के रक्कम पत्नीसाठी न्याय्य ठरेल. ते पत्नीबद्दल होतं, पगारदाराबद्दल होतं, आणि त्या प्रकरणापुरतं होतं. आपल्याकडे ते मुलांना, शेतकऱ्याला आणि पानटपरीवाल्यालाही लावतात. दुसरा हिशेब दिल्ली उच्च न्यायालयाचा, 2004 चा: कुटुंबाचं सगळं उत्पन्न एकत्र धरायचं, कमावणाऱ्याला कमाईसाठी जास्त खर्च येतो म्हणून दोन वाटे, बाकी प्रत्येकाला एक. मला हा बरा वाटतो. यात मूल म्हणजे बापाच्या डोक्यावरचा बोजा नसतं, घरातलं एक माणूस असतं.

आता जरा आपल्या घरचा हिशेब करू. करायला तुम्हीच शिकवलंत. ऊस आठ एकर. एकरी चाळीस टन धरू, तुम्ही नेहमी जास्तच सांगायचात. तोडणी-वाहतूक जाऊन टनाला अडीच हजार हातात येतात असं धरू. 2025-26 च्या हंगामाचा केंद्राचा दर 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलमागे 355 रुपये आहे, म्हणजे मी काही फार ताणत नाही. 320 टनांचे आठ लाख झाले. निम्मे खत, बेणं, पाणी, मजुरीत घाला. चार लाख उरले. महिन्याला तेहतीस हजार. त्याचे वाटे करू: तुमच्या मुलाला दोन, तुम्हाला एक, आत्याबाईंना एक, मला एक, नातीला एक. सहा वाटे. नातीच्या वाट्याला महिन्याचे साडेपाच हजार येतात. माझा वाटा तुमच्याकडेच असू द्या. पपई मी धरलीच नाही, कारण पपईचा व्यापारी बांधावरच रोख मोजतो आणि त्याचा कागद कुठेच नसतो. केळी धरली नाही. पीएम-किसानचे 6,000 आणि राज्याचे तेवढेच, तेही सोडून दिले.

कोर्टासमोर यातलं काहीच आलं नाही. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळे विवरणपत्र नाही. सात-बारा तुमच्या नावावर. आठ-अ तुमच्या नावावर. कारखान्याकडे उसाची नोंद तुमच्या नावावर, बिल तुमच्या खात्यावर. नोकरदार बाप सापडतो, त्याची पगारस्लिप असते. त्यात आयकर आणि भविष्यनिर्वाह निधी वजा करतात, पण हौसेच्या गाडीचा हप्ता आणि विम्याचे हप्ते दाखवून रक्कम कमी करता येत नाही, असं न्यायालयं पुष्कळदा सांगून बसली आहेत. बागायतदार बाप मात्र एकत्र कुटुंबाच्या सावलीत उभा राहिला की दिसेनासा होतो. त्याच्या पायात बूट असतात, बुडाखाली बुलेट असते, आणि कागदावर तो भूमिहीन असतो.

शेवटी न्यायाधीशांनी काय करावं? त्यांनी 72,000 वर विश्वास ठेवला नाही, हे त्यांचे उपकार. धडधाकट माणूस आहे, बागायती घरातला आहे, महिन्याला निदान बारा हजार तरी मिळवत असेल, असा अंदाज बांधला आणि चौथाई काढली. मुलीला महिना 3,000 रुपये. मला काही नाही, कारण मी बी.एड. आहे आणि नंदुरबारच्या एका विनाअनुदानित शाळेत शिकवते. तिथला पगार किती असतो हे या जिल्ह्यात कोणाला सांगायला नको. तुमचे वकील मला उलटतपासात विचारत होते, 'तुम्ही याहून जास्त कमावू शकता की नाही?' कमावू शकणं आणि कमावणं यातला फरक सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितलाय. पण गंमत बघा, हाच प्रश्न तुमच्या मुलाला कोणी विचारला नाही. रोजगार हमीवर गेला असता तरी 2025-26 च्या 312 रुपये दराने, सव्वीस दिवसांचे 8,112 झाले असते. प्रतिज्ञापत्रातले सहा हजार त्याहूनही खाली! अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी 2024 मध्ये म्हटलं होतं, की नोकरी नसली तरी नवरा मजुरी करून दिवसाला तीनशे-चारशे रुपये मिळवू शकतो. तुम्ही मुलाला त्या मजुराच्याही मागच्या रांगेत नेऊन बसवलंत.

मोजायला साधन नाही असं मात्र म्हणता येणार नाही. साधन आहे, आणि ते आपल्या महाराष्ट्रातल्याच एका मुलामुळे मिळालंय. नागपूरच्या कुटुंब न्यायालयात 2013 मध्ये एका आईने स्वतःसाठी आणि तान्ह्या मुलासाठी अंतरिम पोटगी मागितली. 2015 मध्ये आदेश झाला: आईला 15,000, मुलाला आधी 5,000 आणि सप्टेंबर 2015 पासून 10,000. बाप नागपूर खंडपीठात गेला, 2018 मध्ये हरला, मग दिल्लीला गेला. 4 नोव्हेंबर 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने 'रजनेश विरुद्ध नेहा' हा निकाल दिला. हा सगळा वाद अंतरिम रकमेचा, म्हणजे मूळ खटला चालेपर्यंत मुलाच्या तोंडात काय घालायचं याचा. तोवर ते मूल सात वर्षांचं झालं होतं.

त्या निकालात न्यायालयाने सांगितलं की दोन्ही बाजूंनी मालमत्तेचं आणि देण्यांचं सविस्तर प्रतिज्ञापत्र द्यायचं, रक्कम अर्जाच्या तारखेपासून लागू करायची, आणि प्रतिज्ञापत्रं आल्यावर चार ते सहा महिन्यांत अंतरिम अर्ज निकाली काढायचा. मुलाच्या खर्चात अन्न, वस्त्र, निवारा, औषधपाणी, शिक्षण हे सगळं धरायचं, शिकवणीसुद्धा. शिक्षणाचा खर्च सामान्यतः बापाने करायचा. आई पुरेसं कमावत असेल तर दोघांच्या कमाईच्या प्रमाणात वाटायचा. प्रतिज्ञापत्राचे नमुनेही निकालाला जोडले आहेत. आणि आबा, त्यातला दुसरा नमुना खास शेतकऱ्यांसाठी आहे. मी तो शाळेच्या प्रिंटरवर छापून घेतला आणि वाचताना मला तुमचीच आठवण आली, इतका तो तुमच्यासारख्या कोणीतरी लिहिल्यासारखा आहे. जमीन किती, सामाईक असेल तर वाटा किती, बागायत की कोरडवाहू, वर्षात कोणकोणती पिकं घेतली, गेल्या तीन वर्षांचं उत्पन्न किती, जमीन बटाईने घेतली आहे का, गायी-म्हशी-शेळ्या किती, कोंबड्या, मासे, मधमाश्या आहेत का, आणि जमिनीवर कर्ज किती.

तुमच्या मुलाने या नमुन्यातल्या बहुतेक प्रश्नांपुढे 'लागू नाही' लिहिलं. कर्जापुढेही. आता हे ऐका. ट्रॅक्टर घेताना बँकेला कागद दिले ते तुमच्यासमोर आणि माझ्यासमोर टेबलावर पसरले होते. त्यात तो सहअर्जदार होता. शेतीचं वार्षिक उत्पन्न असं काही फुगवून दाखवलं होतं की मी चकित झाले, आणि तुम्ही म्हणालात, बँकेला जास्तच दाखवायचं असतं. बँकेपुढे लखपती आणि कोर्टापुढे कंगाल, अशी दोन पोटं या एका माणसाला आहेत. कर्जाचा अर्ज हाच या जिल्ह्यातला खरा उत्पन्नाचा दाखला आहे, असं माझं मत झालंय. कोर्टांनी बागायतदाराकडून दुसरं काही मागवू नये, फक्त सोसायटीचा आणि बँकेचा कर्ज-अर्ज मागवावा.

तुमच्या वकिलांनी एकदा व्हरांड्यात मला समजावलं, 'ताई, तीन हजार आपल्या भागात कमी नाहीत.' त्यांचं म्हणणं मी विसरले नाही. शाळेची फी, रिक्षाचे पैसे, इंग्रजी-गणिताची शिकवणी, वर्षातून दोनदा लागणारे बूट आणि तिच्या दम्याचे पंप, एवढ्यातच ते तीन हजार दुसऱ्या आठवड्यात संपतात. मग जेवण येतं ते माझ्या आई-वडिलांच्या घरातून. पोरीचा ताप रात्री दोन वाजता मोजणं, शाळेच्या सभेला रजा टाकणं, याला तर रकानाच नाही. इंग्लंडमध्ये सरकारी खातं बापाच्या एकूण आठवडी उत्पन्नावर टक्का लावतं, साधारण मिळकतीच्या पट्ट्यात एका मुलाला 12, दोघांना 16, तिघांना 19. आणि मूल वर्षात किती रात्री बापाकडे झोपलं ते मोजून त्यातून सूट देतं. त्या हिशेबात तुमच्या मुलाला एका रात्रीचीही सूट मिळाली नसती. जर्मनीत ड्युसेलडॉर्फचा तक्ता आहे, वय आणि उत्पन्न बघितलं की आकडा समोर. आणि बापाने पैसे बुडवले तर सरकार मुलाला आगाऊ देतं, मग बापामागे वसुलीला लागतं. पैशासाठी दारोदार फिरायचं काम तिथे आईचं नाही. आपल्याकडे एकट्या पालकाच्या मुलाला बालसंगोपन योजनेत महिना 2,250 रुपये मिळू शकतात. सरकार, ज्याचा या पोरीशी रक्ताचा संबंध नाही, ते 2,250 म्हणतं. चाळीस-टनी उसाचं घर 3,000 वर अपील करायचं म्हणतं.

तुम्हाला वाटत असेल मी एकटीच रडते. कोर्टाच्या त्याच बाकावर धडगावकडची एक पावरा बाई बसायची. तिचं ऐकल्यावर मला माझं प्रकरण श्रीमंतांचं वाटायला लागलं. तिचा नवरा दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला जातो. पूर्वी दोघं जायची; एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं, उचल दोघांची मिळून, ती मुकादमाकडून तोच घ्यायचा. आता त्याने दुसरीला कोयत्यात घेतलं. जातीचे पंच बसले. देज किती परत करायचा याचा चोख हिशेब झाला, बकऱ्यासकट. दोन लेकरांचं कोण बघणार हा विषयच पंचांपुढे आला नाही. आणि कायद्याकडे बघावं तर हिंदू विवाह कायदा आणि 1956 चा दत्तक व निर्वाह कायदा, दोन्ही केंद्राने वेगळी अधिसूचना काढल्याशिवाय अनुसूचित जमातींना लागूच नाहीत. ज्या जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेत 69 टक्के लोक आदिवासी होते, तिथे बहुसंख्य लेकरांना पोटगीसाठी मुख्यतः उरतं ते हे कलम 144. जात-धर्म न विचारणारं म्हणून ते थोर. पण ते अठराव्या वर्षी संपतं. त्यानंतर फक्त शरीर-मनाने असमर्थ मुलालाच. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये 'अभिलाषा विरुद्ध प्रकाश' या निकालात सांगितलं, की सज्ञान अविवाहित मुलीला पुढचा खर्च मागायचा तर तो 1956 च्या कायद्याच्या कलम 20 खाली मागावा. माझी मुलगी उद्या तो मागू शकेल. त्या पावरा बाईची मुलगी बारावीत असतानाच अठराची होईल आणि तिच्यासाठी ते दारही नाही.

तिला 1,500 चा आदेश मिळाला होता. हुकूम मिळाला म्हणजे पैसे मिळाले असं नाही. थकलेल्या प्रत्येक महिन्यामागे एक महिन्यापर्यंत कैद देता येते, आणि कैद भोगली तरी देणं फिटत नाही, हे 1989 मध्येच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय. पण थकबाकीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत करावा लागतो, आणि वॉरंट घेऊन जायचं कुठे? आपल्या नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. फलाटावरून चार पावलं टाकली की राज्य बदलतं. कायदा म्हणतो माणूस जिथे असेल तिथल्या कोणत्याही न्यायदंडाधिकाऱ्याकडून हुकमाची अंमलबजावणी करून घेता येते. ते खरंच. पण फडावरच्या पालाला पत्ता नसतो, आणि मुकादम म्हणतो तो परवाच दुसऱ्या टोळीत गेला. वॉरंट 'मिळून आला नाही' म्हणून परत येतं. तुम्हाला पाठवलेलं पत्र परत आलं त्याच्या जवळपासच तिचंही वॉरंट परत आलं. फरक एवढाच, की तिचा नवरा खरोखर सापडत नव्हता. तुम्ही घरातच होतात.

शहाद्यात 1972 नंतर काय झालं ते तुम्ही तरुणपणी बघितलंय. अंबरसिंग महाराजांच्या आणि श्रमिक संघटनेच्या मागे उभ्या राहिलेल्या भिल्ल बाया गावोगाव दारूची मडकी फोडत फिरल्या आणि मारकुट्या नवऱ्यांना त्यांनी भर चौकात जाब विचारला. तुमच्या ओसरीवर हा विषय निघाला की तुम्ही तोंड वाकडं करायचात, कारण मजुरीचा भावही त्यांनीच मागितला होता. पण त्याच ओसरीवर मी तुम्हाला दुसरंही करताना बघितलंय. गावातल्या एकाने बायको टाकली, तेव्हा तुम्ही त्याला बोलावून घेतलं आणि सगळ्यांसमोर म्हणालात, बाई नको असेल तर नको, लेकरू तुझं आहे ना, मग दर महिन्याला दाणे आणि पैसे इथे माझ्यासमोर आणून ठेवायचे. त्याने वर्षभर तरी ठेवले. त्या दिवशी मला तुमचा अभिमान वाटला होता. माझ्या मुलीच्या जन्माच्या वेळी मुलगीच झाली म्हणून आत्याबाई गप्प झाल्या, तेव्हा तुम्हीच म्हणालात, 'आपली पोर शे ती.' परक्याच्या लेकराला जो न्याय दिलात तो घरच्या लेकराच्या वेळी का सुचला नाही? मुलगा हट्टी आहे, मला माहीत आहे. पण प्रतिज्ञापत्रावर सही करायला तुमचा हात त्याने धरला नव्हता.

कायद्याने नातीला पोसायची जबाबदारी बाप जिवंत असताना तुमच्यावर येत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. मी तुमच्या खिशातला पैसा मागतही नाही. तुमच्या मुलाचा जो पैसा तुमच्या नावाखाली लपवलाय तेवढाच मागते. घरगुती हिंसाचाराच्या 2005 च्या कायद्यात एक चांगली सोय आहे: पैसे थकवणाऱ्याला ज्याच्याकडून येणं असेल, त्यालाच ते थेट बाईला द्यायचा हुकूम होऊ शकतो. नोकरदाराच्या बाबतीत मालक पगारातून कापून देतो. शेतकऱ्याच्या बाबतीत कारखाना उसाच्या बिलातून देऊ शकला असता. पण ऊस तुमच्या नावावर, म्हणून कारखाना त्याचं देणं लागत नाही, तुमचं लागतो. बघा, पुन्हा रस्ता तुमच्या नावाशी येऊन थांबतो.

तुमच्या स्वकष्टार्जित या शब्दाचं वजनही तुम्हाला सांगून ठेवते. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलीलाही मुलासारखाच जन्माने हक्क आहे, आणि ऑगस्ट 2020 च्या 'विनीता शर्मा' निकालाने तो आणखी पक्का केला. जमीन खरोखर तुमच्या आजोबांची आणि कुटुंबाची एकत्र असेल, तर तुमचा मुलगा त्या मिळकतीचा हिस्सेदार, आणि त्याची मुलगीही. ती पोर तुमच्या दारी काही मागायला आलेली नाही. कदाचित त्या विहिरीची एक मालकीणच आहे. तुमच्या वकिलांना हे कळत होतं म्हणून तो शब्द तिथे आला, असं आमच्या वकिलीणबाई म्हणतात. तुम्हाला त्याचा अर्थ समजावून सांगितला होता की नुसती खूण केलेल्या जागी सही घेतली, हे मला कळायला मार्ग नाही. मनातून मला वाटतं की नुसती सही घेतली असावी. तसं असेल तर ते तुम्ही स्वतः सांगा.

मी कलम 146 खाली रक्कम वाढवण्याचा अर्ज दिलाय. मुलगी आता पाचवीत गेली, खर्च वाढले, आणि सध्याच्या आदेशात वाढीची काही तरतूद नाही; सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये एका प्रकरणात दर दोन वर्षांनी 5 टक्के वाढ लावून दिली, तशी आम्हीही मागितली आहे. प्रतिज्ञापत्र खोटं निघालं तर खोटी साक्ष दिल्याची कारवाई करता येते, हे 'रजनेश विरुद्ध नेहा' निकालात स्पष्ट आहे. वकिलीणबाई तोही अर्ज लिहून तयार ठेवून आहेत. त्यावर मी अजून सही केलेली नाही. तुमच्या वयाच्या माणसाला त्या पिंजऱ्यात उभं केलेलं मला बघवणार नाही, आणि पोरीला मोठेपणी हे सांगायला मला आवडणार नाही.

येत्या तारखेला तुम्ही या. त्याला एकट्याला पाठवू नका. येताना कारखान्याच्या गेल्या तीन हंगामांच्या बिलांच्या पावत्या, सोसायटीचा कर्ज उतारा आणि ट्रॅक्टरच्या कर्जाचे कागद आणा. शेतकऱ्यांचा तो नमुना मी पुन्हा छापून घेतलाय, कोरा आहे. व्हरांड्यात बसून तुम्हीच भरा, तुमचं अक्षर त्याच्यापेक्षा चांगलं आहे. सामाईक असेल तर वाटा किती, या प्रश्नापुढे जे खरं आहे ते लिहा. मग कोर्ट जी रक्कम ठरवेल ती साडेपाच हजार निघो की चार, मी एका शब्दाने कुरकुर करणार नाही. 'लागू नाही' मात्र पुन्हा लिहू नका.

तुमची,
कागदोपत्री अजून सून